सोनबांची पहाट

“मग हा आळस नाही, तर काय आहे, बुवा?”

मठाचा कारभार बघणारा विश्वंभर तावातावाने विचारत होता. मठाचे रंगोबुवा पडवीत शेंगा सोलत बसले होते.

प्रश्न सोनबांचा होता. लहानपणी देवीच्या आजारात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते; थोडा उजेड तेवढा जाणवे, तोही दोन वर्षांपूर्वी गेला. तीस वर्षं ते मठात भूपाळी म्हणत आले होते. पण हल्ली पहाटेच्या काकड्याला त्यांना हलवून उठवावं लागे. भर कीर्तनात हातातले टाळ मांडीवर पडत, आणि सगळं गाव झोपलं की सोनबा टक्क जागे.

“पंधरा दिवस नीट उठतात, पंधरा दिवस लोळतात. आजारी माणूस असा पाळी लावून आजारी पडतो का? त्यांना उद्या एस.टी.त बसवून देतो. पुतण्या आहे त्यांचा.”

“पुतण्या ठेवून घेईल?”

“ते त्यांचं ते बघतील.”

सोनबांचं गाठोडं बांधून खांबाशी ठेवलेलं होतं. बांधलं विश्वंभरानेच.

“तुला पहाट कशी कळते रे?” बुवांनी विचारलं.

विश्वंभराची छाती फुगली. अकरा वर्षांत त्याचा एक काकडा चुकला नव्हता. लोक त्याला मठाचं घड्याळ म्हणत, आणि त्याला ते गोड लागे.

“आतून कळते, बुवा. नेमाने शरीर घडतं.”

“उजेड, कोंबडा, घंटा… काही लागत नाही?”

“काही नाही.”

“मग आठ दिवस तळघरात बस. दिवा नको. गूळ-फुटाणे आणि पाणी ठेवतो. नवव्या दिवशी पहाटे तूच वर ये आणि काकड्याला भूपाळी म्हण. मग सोनबाला निरोप देऊ.”

“दाराला कडी लावणार?”

“कशाला? तुझं तू उघड.”

विश्वंभर हसत हसत पायऱ्या उतरला.

खाली काळाकुट्ट अंधार होता. एक झोप झाली की तो उपरण्याला एक गाठ मारी. आठव्या झोपेतून तो ताजातवाना उठला, आठवी गाठ मारली. तोंडावर पाणी मारलं, टाळ घेतले आणि खड्या आवाजात देवाला जागं करत वर आला.

दार ढकललं.

ऊन थेट डोळ्यांत गेलं.

अंगणात पंगत बसली होती. ताक वाढणं चाललं होतं. चाळीस माणसं हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. तो अजून गातच होता. मग टाळ थांबले.

“अहो, देव जेवून वामकुक्षीला गेले!” कुणीतरी ओरडलं. पंगत हसली.

“आज… नववा दिवस ना?”

“दहावा,” वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं. “काल पहाटे सगळे दाराशी थांबलो होतो तुमच्यासाठी.”

विश्वंभराला पाय कुठे ठेवावा कळेना. कान तापले. पुन्हा त्या अंधारात जाऊन बसावं असं त्याला वाटलं.

पंगतीच्या टोकाला सोनबा होते. त्यांनी चाचपत बाजूला सरकून जागा केली.

“ये, बस इथे. पहिल्यांदा फार लाज वाटते रे बाळा. मला तर अजून वाटते.”

विश्वंभर बसला. पुढ्यात पान आलं.

“काका… तुम्हाला हे असं रोज होतं?”

“रोज थोडं थोडं सरकतं. डोळ्यांतून उजेड आत गेला, तरच शरीराला दिवस कळतो म्हणे. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. चिठ्ठी नाही का दिली मी तुझ्याकडे?”

विश्वंभराचा हात पानावरच थांबला.

“तू म्हणालास, मठात नेम हेच औषध. मग मी गप्प बसलो. म्हटलं, माझ्यातच खोट असेल.”

मठात येणारा प्रत्येक कागद विश्वंभराकडे जाई. तो हात न धुताच उठला. चिठ्ठी फायलीत होती, घडी न मोडलेली. त्याने ती पहिल्यांदा उघडली.

‘हा आळस नव्हे. पूर्ण अंधत्वामुळे झोपेची वेळ रोज पुढे सरकते. खाली लिहिलेली गोळी ठरलेल्या वेळी रोज द्यावी. बऱ्याच जणांना गुण येतो. महिन्याने दाखवावे.’

तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

तो पडवीत आला, गाठोड्याची गाठ सोडली आणि बुवांच्या पायांशी बसला.

“चौदा महिने, बुवा… मी त्यांच्या तोंडावर पाणी मारायचो. सगळ्यांसमोर.”

बुवा शेंगा सोलत राहिले.

“मला शिक्षा द्या. तळघरात कोंडा मला.”

बुवांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. चिठ्ठी घेतली, तिची घडी नीट केली आणि पुन्हा त्याच्याच हातात दिली.

“तालुक्याची गाडी तीनला आहे, सोनबाला दाखवून आण,” ते म्हणाले. “आणि विश्वंभरा… तुझ्या दाराला मी तेव्हाही कडी घातली नव्हती.”