शेंड्याचं वाढप

फार जुनी गोष्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुपाच्या रिकाम्या डब्यात वालाचं रोप होतं. त्याचा शेंडा वाढीचा रस तयार करून दांड्यातल्या पेशींना वाढायचा. सावलीकडच्यांना जरा जास्तच.

एकदा उन्हाकडच्या पेशी भडकल्या. "उन्हात आम्ही भाजायचं आणि पातेलं त्यांच्यापुढे? सगळा रस आम्हालाच वाढा!"

"बरं बायांनो," म्हणत शेंड्याने सगळा रस त्यांना वाढला.

त्या पिऊन लांबलचक झाल्या, सावलीकडच्या होत्या तेवढ्याच राहिल्या. दांडा उन्हाकडे पाठ करून वाकला आणि शेंड्याचं नाक लोणच्याच्या बरणीला टेकलं. पानं उन्हावाचून पिवळी पडली.

काही दिवसांनी शेंडा पुन्हा पातेलं घेऊन आला. उन्हाकडच्या घाईघाईने म्हणाल्या, "आज आमचा उपास आहे. आधी त्यांना वाढा!"