दुसरी वायर

"एक वायर असताना दुसरी मागायचीच कशाला, सर?"

केतकी लोखंडेला उत्तर नको होतं. उत्तर तिच्याकडे तयार होतं.

मिरजेतल्या त्या रुग्णालयाचा जुना सर्व्हर सकाळपासून तापत होता. त्याच्यावर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला संगणक, चालू होतं. अतिदक्षता विभागातल्या प्रत्येकाची नाडी, श्वास, औषधं टिपणारं. ते शेजारच्या नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं. तेही चालू असतानाच.

निसार बागवान सरांचे केस याच खोलीत पांढरे झाले होते. या कामासाठी दुसरी वायर मागव, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. केतकी इथे नवी होती आणि हुशार होती. हुशार आहे हे तिला ठाऊक होतं.

"पत्ता तोच राहणार. डिस्कवर साठवलेली माहिती दोन्ही सर्व्हरना दिसते. उरली फक्त मेमरी. ती रुग्णालयाचं बाकी सगळं काम चालतं त्याच वायरनं जाईल."

"सरावाच्या मशीनवर करून बघ."

"बघते की."

तिने त्या मशीनवर खऱ्याइतकंच काम लादलं आणि हलवायला घेतलं. मेमरीची नक्कल भराभर पलीकडे जाऊ लागली...

फोन वाजला. केसपेपरच्या खिडकीवरचा संगणक अडकला होता. बाहेर रांग खोळंबली होती.

केतकीने वेग कमी केला. खिडकीवरचं काम सुरू झालं. पण आता नक्कल संपेना. थोडी मेमरी पलीकडे पोचेपर्यंत इकडे तेवढीच नव्याने बदललेली असायची.

तिने पुन्हा वेग वाढवला. पुन्हा फोन.

सर चहा पीत होते.

"वेग वाढवला तर नक्कल बाकीच्यांचा गळा धरते," ती चिडून म्हणाली. "कमी केला तर पोचतच नाही."

"हं..."

तिने सराव थांबवला. दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडून पाहिले.

"दोन सर्व्हरच्या मध्ये वेगळी वायर लागेल," ती शेवटी म्हणाली. "जाड. फक्त या कामाची."

तेवढ्यात संचालक डॉक्टर सोमणांचा फोन आला. सरांनी तो उचलला आणि तसाच तिच्या हातात दिला.

"झालं का हलवून?" सोमणांनी विचारलं.

"नाही, सर. वेगळी वायर आल्याशिवाय नाही होणार."

"आहे त्यात करा. उद्या तपासणीला माणसं येतायत."

"आहे त्यात केलं तर अतिदक्षतेचे पडदे अडकतील. मी नाही करणार."

"तुमची नेमणूक अजून कच्ची आहे, लोखंडे."

"हो."

"बागवानांना द्या फोन."

तिने फोन पुढे केला. सरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

तिने फोन परत कानाला लावला.

"ते घेत नाहीत, सर. आणि मी करणार नाही."



"बरं. वायर कुठे मिळेल?"

"सांगलीत. संध्याकाळपर्यंत येईल."

"आणा. आणि उद्या सकाळी मला केबिनमध्ये भेटा."

फोन बंद झाला. केतकी खुर्चीत बसली.

"सकाळपासून तुमचं ऐकलं नाही. आता त्यांचंही नाही ऐकलं. उद्या काढून टाकलं तर, सर?"

निसार सरांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

"आता तुला शिकवायला हरकत नाही."