सर्जेरावानं ब्लूबेरी निवडली

"सर्जेरावाला त्याचा सासरा बसवणार आहे," एवढं मला गिरणीत ऐकू आलं, आणि तेवढ्यात गिरणीवाल्यानं बटण दाबलं. पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं.

आता मला सांगा, बसवणार म्हणजे कुठं बसवणार? माणसाला घरी बसवतात, गादीवर बसवतात, मास्तर चिडले तर उन्हातसुद्धा बसवतात. मी बोलणाऱ्या बायकांना हातवारे करून विचारलं, तर त्यांनी सरकून मलाच बसायला जागा करून दिली. मग काय, घरी येईपर्यंत वाटेत जी भेटली तिला मी माझ्या मनानं वेगवेगळं सांगितलं.

तर आमच्या गावात हा सर्जेराव नावाचा भोळा माणूस राहतो, माझ्या भिंतीला भिंत लावून. नाव सरदाराचं. स्वभाव असा की एकदा एसटीच्या कंडक्टरनं "दारात उभं राहू नका" म्हटलं, तर हा खाली उतरला आणि गाडीमागनं चालत गावात आला.

त्याची बायको मालन तेव्हा माहेरी गेली होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना मला म्हणाली, "आक्का, यांच्यावर जरा लक्ष ठेवा." तिनं सांगितलं नसतं तरी मी ठेवलंच असतं. माझ्या ओट्यावरून त्यांचं स्वयंपाकघर सरळ दिसतं.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मला खरा प्रकार कळला. तिचे वडील केरबातात्या यांचं घाटरस्त्याला फळांचं दुकान आहे. फिरायला आलेले लोक तिथं गाड्या थांबवतात आणि हल्ली ब्लूबेरी मागतात. तात्यांना दुकानावर घरचा माणूस हवा होता.

"रविवारी तात्या भागीदाराला घेऊन येणारेत," मालन म्हणाली. "यांनी ब्लूबेरी बघून आणायची, टिकवायची आणि त्यांच्यापुढं ठेवायची. जमलं तर यांना गल्ल्यावर बसवतील. नाही जमलं तर माझ्या चुलतभावाला. आक्का, दुकान मिळालं तर मला लोकाच्या रानात खुरपायला जायला लागायचं नाही हो."

"तू काळजी करू नको, मी आहे," मी म्हटलं.

मी जन्मात ब्लूबेरी बघितलेली नव्हती. पण सातवीपर्यंत शाळा झालीय, आणि बाकीचं सगळं फोनवर दिसतं.

सर्जेराव तालुक्याच्या बाजारात जाऊन एक डबी घेऊन आला. निळी निळी, करवंदाएवढी फळं. उघडून बघितलं तर सगळी एकमेकांना चिकटलेली आणि वर पांढरी बुरशी.

"अरे सर्जेराव, घेताना डबी हलवून बघायची," मी म्हटलं. "आतलं सुटं सुटं पळालं तर घ्यायची. चिकटून बसलं असेल तर घ्यायची नाही."

"बरं आक्का. हलवून बघायचं."

दुसऱ्या दिवशी मी त्याला डेअरीत पाठवलं, दही आणायला. गेला तो येईनाच. दही विरजायलाच बसला की काय म्हणून मी बघायला गेले, तर हा डेअरीच्या पायरीवर उभा राहून दह्याची बरणी हलवत होता. घामाघूम झाला होता. भोवती बघे जमले होते.

"आक्का, पहिल्यांदा अगदी चिकटून बसलेलं होतं," तो म्हणाला. "पण मी सोडलं नाही. आता बघा कसं सुटं पळतंय."

बरणीत ताक झालं होतं. वर लोण्याचा गोळासुद्धा आला होता. डेअरीवाला म्हणाला, "आक्का, हा माणूस मला रोज पहाटे पाठवा."

मी त्याला घरी आणला. "अरे, दही हलवायचं नसतं. विरजलं की ते चांगलं गुंडाळून उबेला ठेवायचं आणि हात लावायचा नाही."

"बरं आक्का. गुंडाळून उबेला."

मग तो परत बाजारात गेला आणि डबी हलवून बघून घेऊन आला. ही ब्लूबेरी मात्र बघण्यासारखी होती. टणक, आणि वर धूर बसल्यासारखा पांढरट थर. तो थर असला म्हणजे फळ ताजं, असं फोनवरची बाई म्हणत होती. मी शाबासकी दिली आणि सप्त्याची वर्गणी मागायला दुसऱ्या आळीला गेले. म्हणजे वर्गणी हे एक निमित्त. त्या आळीला एक भांडण चाललं होतं.

परत आले तर सर्जेराव चुलीजवळ बसलेला. समोर वाकळेचं गाठोडं. त्यानं मला बोटानं गप्प राहायची खूण केली.

"काय आहे त्याच्यात?"

"ब्लूबेरी. गुंडाळून उबेला ठेवलीय. मी हात लावलेला नाही."

वाकळ उलगडली तर आतून आंबूस वाफ आली. निम्मी फळं फुटली होती. मालनची लग्नातली वाकळ निळी झाली होती. हे मी मालनला अजून सांगितलेलं नाही. ती वाकळ माझ्या घरी भिजत घातलीय.

या वेळी मी चिडले नाही. त्याला समोर बसवून शांतपणानं सांगितलं. "सर्जेराव, नीट ऐक. हिला ऊब नको. फ्रीजमध्ये ठेवायची, डबीत कागद घालून, कोरडी. आणताक्षणी धुवायची नाही. ओली राहिली की बुरशी धरते. धुवायची ती कधी? तोंडात टाकायच्या आधी."

"तोंडात टाकायच्या आधी धुवायचं," तो म्हणाला.

"शहाणा."

त्याच दुपारी मी त्याला बुंदीचे लाडू नेऊन दिले, एकटा आहे म्हणून. ओट्यावर येऊन बघते तर हा नळाखाली लाडू धरून उभा. लाडू विरघळतोय, बुंदी मोरीत चाललीय, आणि हा ओंजळीनं ती अडवतोय.

"आक्का, तुमचा लाडू चांगल्यातला आहे," तो खिडकीतून म्हणाला. "सगळा सुटा सुटा पळतोय."

माझे मालक आतून हसले. म्हणाले, "बरं झालं धुतला ते. तुझा लाडू फुटलेला मी पहिल्यांदा बघतोय."

मी तिकडं दुर्लक्ष केलं.

शेवटची डबी आली. हलवून आणलेली, न धुतलेली, कोरडी, खाली कागद, फ्रीजमध्ये. मी रोज त्याच्या घरी जाऊन फ्रीज उघडून बघत होते. आणि उघडलाच आहे तर बाकीचं काय आहे तेही बघत होते. सगळं ठीक चाललं होतं. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती मी सांगितली. तिथंच माझं चुकलं.

"हे बघ, दिवसातून एकदा डबी उघडून निवडायची. एखादं मऊ पडलेलं दिसलं, सुरकुतलेलं दिसलं, की उचलून बाहेर ठेवायचं. त्याच्या नादानं शेजारची बिघडतात."

"आणि त्याला वाईट वाटलं तर?"

"फळाला काय वाईट वाटायचंय? तू काही बोलूच नको. हळूच उचलायचं, दाबायचं नाही, बाहेर ठेवायचं. मग ती जागा कोरड्या फडक्यानं पुसायची. झालं."

त्यानं ते मनावर घेतलं. रोज डबी घेऊन दारातल्या उजेडात बसायचा आणि एकेक फळ असं उचलायचा की जणू झोपलेलं पोर उचलतोय. मला भरून आलं. मी मालनला फोन करून सांगितलं, "दुकान तुझंच समज."

रविवारी केरबातात्या आले. उंच, वाळलेले, गालाला सुरकुत्या, दात काढून टाकल्यामुळं तोंड मऊ पडलेलं. बरोबर त्यांचे भागीदार रमजानभाई, चांगला गुटगुटीत माणूस. दोघं सतरंजीवर शेजारी शेजारी बसले. मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. चहा केव्हाच देऊन झाला होता.

सर्जेरावानं त्यांच्यासमोर ब्लूबेरी धुतली, निथळली, वाटीत घालून पुढं ठेवली. रमजानभाईंनी एक तोंडात टाकली आणि मान डोलावली.

"टणक आहे तात्या. गोडीपण धरून आहे."

तात्यांनी जिभेनं टाळूला लावून हळूहळू खाल्ली. 

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्हाला जमलं की."

सर्जेराव खाली मान घालून हसला. मी मनातल्या मनात मालनला फोन लावला.

मग रमजानभाईंनी वाटी पुरती रिकामी केली आणि चहात आणखी साखर मागितली. "डॉक्टरनं गोड बंद केलंय," ते मला म्हणाले, "पण काय करू ताई, या तात्यांच्या नादानं मी बिघडलो."

सर्जेरावानं मान वर केली.

त्यानं रमजानभाईंकडं बघितलं. मग तात्यांकडं बघितलं. गालाकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. मला काय होणार ते कळलं, पण माझ्या हातात साखरेचा डबा होता.

तो उठला. काही बोलला नाही. वाकून तात्यांच्या खाली दोन्ही हात घातले आणि त्यांना हळूच उचललं.

"जावईबापू, हे काय?" तात्या वरून म्हणाले.

सर्जेरावानं त्यांना बाहेर नेऊन ओट्यावर सावलीत ठेवलं. परत आला आणि सतरंजीवरची त्यांची जागा कोरड्या फडक्यानं पुसली. मग रमजानभाईंना सगळीकडनं नीट बघितलं आणि त्यांना तिथंच राहू दिलं.

मी बाहेर पळाले. तात्या ओट्यावर ठेवले तसेच बसले होते.

"तात्या, तो भोळा आहे हो," मी म्हटलं. "त्याला मीच सांगितलं होतं, मऊ पडलेलं बाहेर ठेवायचं. म्हणजे फळाबद्दल. तुमच्याबद्दल नाही."

 तात्या आपल्या दंडावरून हात फिरवत म्हणाले, "मला उचललं, पण कुठं दाबलं नाही. दवाखान्यात नर्सनं उचललं होतं तर आठवडाभर अंग दुखत होतं."

"मग तात्या, गल्ल्यावर..."

"गल्ल्यावर नको," ते म्हणाले. "एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाईकाला उचलून रस्त्यापलीकडं ठेवायचा. मागच्या खोलीत माल निवडायला बसवतो. तिथं गिऱ्हाईक येत नाही. पगार तोच देईन."

म्हणजे गिरणीतलं निम्मं खरं निघालं. सासरा जावयाला बसवणार होता हे खरं. पण त्याआधी जावयानं सासऱ्याला बसवलं, हे गिरणीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि बसणार तो गल्ल्याच्या मागं नाही, भिंतीच्या मागं. काही का असेना, मालनचं खुरपं सुटलं. मला इतका आनंद झाला की मी धावत आत गेले आणि रमजानभाईंच्या शेजारी सतरंजीवर बसकण मारली.

"सर्जेराव," मी म्हटलं, "काम झालं तुझं. मागं बसून माल निवडायचा."

तो खूश झाला. मग माझ्या तोंडाकडं बघायला लागला. दारातून उजेड नेमका माझ्या गालावर पडला होता.

"अरे, मी तुला शिकवलंय," मी म्हटलं.

तो बोलला नाही.

मला वाटलं होतं मी जड आहे, त्याला उचलवणार नाही. पण एकदम अलगद उचललं त्यानं. कुठं दाबलं नाही. तात्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं.

तात्या थोडे सरकले. "या आक्का," ते म्हणाले. "इथं बरी सावली आहे."

आत सर्जेराव माझी जागा फडक्यानं पुसत होता. माझी जरा जास्त वेळ पुसली.