वाळूतली रेघ

ती नदी आता धरणात बुडाली. फार पूर्वी तिच्या मधोमध वाळूचे बेट होते आणि त्यावर टिटव्या सुखाने राहत. कोल्हा बेटावर चढला, की घरटे कुणाचेही असो, सगळ्या एकदम ओरडत, त्याच्यावर झेपावत आणि त्याला हुसकून लावत. किती साधे दिवस होते ते!

पुढे वरच्या आणि खालच्या डोहातल्या दोन मगरी बेटावर हक्क सांगू लागल्या. "तुमच्या रक्षणासाठीच गं," असे दोघीही म्हणत. झुंजून दमल्यावर त्यांनी शेपटीने वाळूत रेघ ओढली आणि बेट वाटून घेतले. टिटव्यांना हुकूम मिळाला, की रेघेपलीकडच्यांसाठी ओरडायचे नाही.

काही दिवसांनी कोल्हा पलीकडे चढला. तिथे साळू नावाची टिटवी अंडी उबवत होती.

"तानीताई, हाक दे ना सगळ्यांना!" तिने अलीकडच्या बहिणीला विनवले.

तानीने चोच उघडली.

"गप्प बस!" शेजारीण म्हणाली. "आपल्या मगरबाईंना कळलं तर?"

तानीने चोच मिटली.

साळूची चारही अंडी खाऊन कोल्ह्याने रमतगमत रेघ ओलांडली.

"अरे, ही आमची बाजू आहे!" शेजारीण किंचाळली.

"असेल की," कोल्हा म्हणाला. "मला दोन्ही बाईंची परवानगी आहे."

तो तानीच्या अंड्यांकडे वळला. तानी जिवाच्या आकांताने ओरडली. शेजारणी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

रेघ ओलांडून सगळ्यांत आधी साळू धावून आली. तिच्याकडे राखायला आता काहीच उरले नव्हते.