चिचुंद्रीच्या दारातला ढीग

या, बसा. मांडीवर कोण? बरं, दोघंही या. पण मध्ये बोलायचं नाही हं.

रस्त्याच्या कडेला होती एक भिंत. भिंतीखाली होतं बीळ. बिळात राहायची चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक, अंग करडं. तिची होती पिल्लं. इवली इवली, मऊ मऊ. डोळेसुद्धा उघडले नव्हते अजून.

भिंतीच्या अलीकडे सोसायटी. भिंतीच्या पलीकडे बंगला. बंगल्यात बदामाचं झाड. थंडी सरली की त्याची पानं लाल व्हायची. लाल झाली की पडायची. टप. टप. टप. सगळी रस्त्यावर.

सोसायटीवाले पानं लोटायचे बंगल्याकडे. सर्र सर्र!
बंगल्यातले लेलेआजोबा लोटायचे सोसायटीकडे. सर्र सर्र!
इकडचे म्हणायचे, "तुमची." तिकडचे म्हणायचे, "तुमची."
उचलायचं मात्र कुणी नाही. काय बाई माणसं!

एकदा सकाळी चिचुंद्री खाऊ शोधायला गेली. एक झुरळ मिळालं. तोंडात धरलं. तुरुतुरु तुरुतुरु घरी आली.

आली तर काय! दारच नाही! दारावर पानांचा ढीग. हा एवढा मोठ्ठा!
आतून आवाज आला, "चीं चीं! चीं चीं!"
चिचुंद्रीच्या तोंडातलं झुरळ पडलं. ते पळालं. पळू दे मेलं!

चिचुंद्रीनं एक पान ओढलं. खर्रर्र! वरून खूप पानं घसरली.
आणखी एक ओढलं. खर्रर्र! आणखी घसरली.
ढीग होता तसाच.

तेवढ्यात लेलेआजोबा फाटकात आले. रागानं नाक लाल.
"कचऱ्याच्या गाडीसाठी फोन करून करून बोटं झिजली माझी! नुसतं 'पाठवतो, पाठवतो'! कुणी येतंय का? आज दिवेलागणीला या ढिगाला काडीच लावतो. मिटली कटकट!"

काडी! म्हणजे आग! आणि आत पिल्लं!
चिचुंद्री घाबरली. तुरुतुरु तुरुतुरु पळाली.

रस्ता झाडत होती शेवंतामावशी. हातात खराटा. सर्र सर्र, सर्र सर्र.
"मावशी मावशी, ढीग काढ ना!
ढीग बसलाय दारात.
पिल्लं अडकली घरात.
दिवेलागणीला काडी लागणार!"

मावशी म्हणाली, "अगं माझे बाई! वाईट वाटतं गं. पण मी लोटते, उचलत नाही. उचलून टाकू कुठे? कचऱ्याची गाडी तर थांबतच नाही. जालूदादानं गाडी थांबवली, तर मी ढीग काढीन."

वाईट वाटून ढीग हलतो का? नाही हलत.
चिचुंद्री पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

समोरून आली घंटागाडी. टण टण! टण टण! गाडीत बसला होता जालूदादा.
"दादा दादा, गाडी थांबव ना!
मावशी ढीग काढीना.
ढीग बसलाय दारात.
पिल्लं अडकली घरात.
दिवेलागणीला काडी लागणार!"

जालूदादा म्हणाला, "सुटा पाला? छे छे! रस्ताभर उडतो, आणि ओरडा मी खातो. पोत्यात भरा, मग नेतो. भीमाकाकांनी पोती दिली, तर मी गाडी थांबवीन."
टण टण! घर्रर्र! गेली गाडी. चिचुंद्रीच्या नाकात नुसता धूर.

ऊन वर आलं. चिचुंद्री ढिगाजवळून गेली. कान लावला.
"चीं चीं," आतून आलं. सकाळी केवढ्यानं ओरडत होती! आता हळू.
"आले रे बाळांनो, आलेच!" म्हणाली चिचुंद्री. पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

सोसायटीच्या दारात भीमाकाका वॉचमन. खुर्चीत बसले होते. घोरत होते. घुर्रर्र घुर्रर्र!
"काका काका, पोती द्या ना!
दादा गाडी थांबवीना.
मावशी ढीग काढीना.
ढीग बसलाय दारात.
पिल्लं अडकली घरात.
दिवेलागणीला काडी लागणार!"

काकांनी एक डोळा उघडला. "पोती आहेत की! चिक्कार आहेत. जिन्याखालच्या खोलीत. पण खोलीला कुलूप. कुलूप काय दातांनी फोडू? कर्णिकबाईंनी किल्ली दिली, तर मी पोती देईन."
डोळा मिटला. घुर्रर्र घुर्रर्र!

चिचुंद्री जिना चढली. टुणुक टुणुक. एक पायरी. टुणुक टुणुक. आणखी एक पायरी. केवढ्या उंच पायऱ्या त्या! आणि केवढीशी ती!

वर राहायच्या कर्णिकबाई. सोसायटीच्या सेक्रेटरी. चहा पीत होत्या. भुर्रर्र!
"बाई बाई, किल्ली द्या ना!
काका पोती देईना.
दादा गाडी थांबवीना.
मावशी ढीग काढीना.
ढीग बसलाय दारात.
पिल्लं अडकली घरात.
दिवेलागणीला काडी लागणार!"

"आत येऊ नकोस! तिथूनच बोल!" बाईंनी पाय वर घेतले. "आमची पोती, आणि लेल्यांच्या पानांना? वा गं वा! झाड कुणाचं? त्यांचं. मग पानं कुणाची? त्यांचीच! एकदा म्हणू दे की त्यांना, 'पानं माझी.' लेलेआजोबांनी पानं आपली म्हटली, तर मी किल्ली देईन."
दार लागलं. धाडकन!

चिचुंद्री जिना उतरली. टुणुक टुणुक. पाय दुखले. पोटात सकाळपासून काही नाही. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं.

पुन्हा ढिगाला कान लावला.
"चीं."
एकदाच. आणि बारीक.
चिचुंद्रीला रडू आलं. रडत रडतच पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

लेलेआजोबा काड्यापेटी शोधत होते. देवघरात बघ, ओट्यावर बघ. खुडबुड खुडबुड!
"आजोबा आजोबा, पानं आपली म्हणा ना!
बाई किल्ली देईना.
काका पोती देईना.
दादा गाडी थांबवीना.
मावशी ढीग काढीना.
ढीग बसलाय दारात.
पिल्लं अडकली घरात.
दिवेलागणीला काडी लागणार!"

आजोबा म्हणाले, "पानं माझी? मुळीच नाही! झाडावर होती तोवर माझी. रस्त्यावर पडली की गावाची! मी म्हातारा माणूस. मी किती वाकू? गाडीनं ढीग नेला, तर मी काडी लावणार नाही."

गाडीनं?
पण गाडी तर पोत्यांसाठी अडली. पोती किल्लीसाठी अडली. किल्ली आजोबांसाठी अडली. आणि आजोबा म्हणतात, गाडी!
आता सांगा, चिचुंद्रीनं जायचं कुणाकडे? सगळ्यांकडे जाऊन झालं. सगळ्यांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं. चिडले असते मी तर!

चिचुंद्री ढिगापाशी आली. कान लावला.
काही नाही.
पुन्हा लावला.
काहीच नाही.

दिवेलागण झाली. घराघरांत दिवे लागले. आजोबा आले. पायात चपला. चट्टक फट्टक, चट्टक फट्टक. हातात काड्यापेटी.
काडी ओढली. फुर्रर्र! पिवळी पिवळी आग.

चिचुंद्री ढिगावर चढली. अगदी टोकावर. आजोबांच्या समोर.
"हट! हट!" आजोबा म्हणाले.
ती हटली नाही.
"शुक! शुक! पळ, भाजशील!"
ती पळाली नाही. थरथर थरथर कापत होती, पण पळाली नाही. तिची पिल्लं होती ना खाली!

आणि चिचुंद्री फार फार घाबरली की काय होतं, ठाऊक आहे?
वास सुटतो. असा वास, असा वास, की विचारू नका!
फुस्स्स्!

"शी! शी शी शी!" आजोबांनी नाक धरलं. हातातली काडी पडली. गटारात पडली. चुर्रर्र! विझली.
वारा आला. वास निघाला. भिंतीवरून गेला. जिना चढून गेला. कर्णिकबाईंच्या खिडकीतून आत गेला.
"अगं आई गं!" बाई खाली धावल्या. पदर नाकाला. "आजोबा, आता काडी लावू नका हो! हा वास जळला तर गल्ली सोडून जावं लागेल!"
"मग उचला!"
"तुम्ही उचला!"
"तुम्ही!"
नाक धरूनसुद्धा भांडत होते. नांयं, तुंम्ही! तुंम्हीच! आता काय म्हणावं यांना!

चिचुंद्री ढिगावरच होती. आणखी घाबरली.
फुस्स्स्!

"बरं बाई, बरं!" आजोबा ओरडले. "झाड माझं! पानं माझी! सगळीच्या सगळी माझी! आता तरी द्या ती किल्ली!"

आजोबांनी पानं आपली म्हटली.
मग बाईंनी किल्ली दिली. खळ्ळ खळ्ळ!
मग भीमाकाकांनी पोती दिली. धप्प धप्प!
मग परत निघालेल्या जालूदादानं गाडी थांबवली. टण टण! करकच्च!
मग शेवंतामावशीनं ढीग काढला. सर्र सर्र, सर्र सर्र. खराटा पुरेना. खराटा टाकला, हातांनी काढला. बाईंनी पोत्याचं तोंड धरलं. आजोबा खाली बसले. गुडघे कुरकुरले, तरी पानं भरली.

ढीग संपला. बीळ दिसलं. काळं काळं, छोटंसं.
आतून आवाज नाही.

चिचुंद्री आत गेली.
सगळे उभे. गाडी बंद. खराटा खाली. कुणी नाकसुद्धा धरलं नाही.

बराच वेळ झाला.
मावशी म्हणाली, "देवा रे."

मग बिळातून चिचुंद्रीची शेपटी आली. हो, शेपटी आधी! उलट उलट चालत होती. शेपटीमागून अंग आलं. अंगामागून डोकं आलं.
तोंडात होतं एक पिल्लू. सगळ्यात धाकटं. पानाच्या देठाएवढं. मान लोंबत होती त्याची.
चिचुंद्रीनं ते खाली ठेवलं. चाटलं. पोटावर चाटलं, पाठीवर चाटलं. नाकानं ढकललं.
पिल्लू हललं नाही.
पुन्हा चाटलं.
पुन्हा ढकललं.

हळू. आता कुणी बोलू नका. कान द्या.
...
"चीं."

ऐकू आलं? एवढंसंच. पण आलं!

मावशी मटकन खालीच बसली. रडली आणि हसली.

चिचुंद्री वळली. बिळात "चुक चुक" केलं. एक पिल्लू बाहेर आलं. त्यानं आईची शेपटी तोंडात धरली. दुसरं आलं. त्यानं पहिल्याची शेपटी धरली. तिसरं आलं. त्यानं दुसऱ्याची धरली. डोळे मिटलेले सगळ्यांचे. पण शेपटी कुणी सोडली नाही. धाकटं आईच्या तोंडात.
निघाली आगगाडी! तुरुतुरु तुरुतुरु, भिंतीकडेनं, रस्त्याच्या पलीकडे, दुसरं घर शोधायला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहील?

पोती गाडीत चढली. लेलेआजोबांनी हात झटकले. "बघा! केवढंसं काम! झालं की नाही चुटकीसरशी?"

शेवंतामावशीनं डोळे पुसले. खराटा उचलला.
"मग सकाळी का नाही झालं, आजोबा?"

आजोबांनी बाईंकडे बघितलं.
बाईंनी काकांकडे बघितलं.
काकांनी दादाकडे बघितलं.
दादानं मावशीकडे बघितलं.
मावशीनं खाली बघितलं.


वरून एक पान पडलं. टप.
आजोबा वाकले. गुडघे कुरकुरले. त्यांनी ते उचललं.

गोष्ट गेली बिळात, तुम्ही या कुशीत. झोपा आता.