वाजत्या वहाणा

"मग त्या मोमसचं चुकलं कुठं, बाबा?"

विश्राम विचारत होता. शहरात शिकून आलेला पोरगा, खेमगिरी बाबांच्या मठात तीन वर्षं शिष्य म्हणून राहिलेला. बाबा चिंचेखालच्या ओट्यावर बसलेले. खाली आम्ही चार-पाच बाया मठाचे तांदूळ निवडत होतो.

"कोण मोमस?" बाबा म्हणाले.

"ग्रीक लोकांचा देव. चेष्टेचा देव. त्याला सगळ्यांचे दोष दिसायचे. एका देवानं माणूस घडवला, तर हा म्हणाला, छातीला खिडकी का नाही ठेवली, आतलं दिसलं असतं. एका देवीनं घर बांधलं, तर म्हणाला, चाकं कुठायत? शेजारी वाईट निघाला तर घर हलवायचं कसं?"

आम्ही हसलो. सांगायचा मात्र झकास.

"सौंदर्याच्या देवीत काही सापडेना. वर पाहिलं, खाली पाहिलं… शेवटी म्हणाला, हिच्या वहाणा वाजतात."

"मग?"

"मग देवांनी त्याला आपल्या डोंगरावरून हाकलला. खरं बोलला म्हणून." विश्राम जरा पुढं सरकला. "बाबा, मलाही तसंच दिसतं. माणूस समोर आला की त्याचं व्यंग आधी दिसतं. मला आज्ञा द्या. गावोगाव फिरतो, लोकांना त्यांचे दोष दाखवतो."



"पुढच्या गुरुवारी सांगतो," बाबा म्हणाले.

तेवढ्यात वाटेवर करकर ऐकू आली. वहाणा शिवणारा तातोबा दर गुरुवारसारखा येत होता. आमच्याकडे तळाच्या दोन थरांत बिया दाबून वहाण वाजती करतात. पण ती हौस तरण्या पोरांची. हा साठीचा म्हातारा, आणि याच्या वहाणा बांधापलीकडून ऐकू याव्यात अशा.

"ये तातोबा," बाबा म्हणाले.

"आली," विश्राम म्हणाला, "आमची सौंदर्याची देवी आली. काय तातोबा, परत नवरदेव व्हायचा बेत आहे वाटतं तुझा?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

तातोबाचे कान लाल झाले. वहाणा काढून तो बाबांच्या पाया पडला आणि न बसताच निघाला. जाताना वहाणा पायात नव्हत्या, हातात होत्या.

पुढचा गुरुवार उजाडला. विश्राम पडशी भरून तयार बसलेला.

तातोबा अनवाणी आला. ओट्यासमोर हात जोडून उभा राहिला. मान खाली, तोंडातून शब्द नाही.

बाबा वाटेकडं तोंड करून बसलेले.

"तातोबा आज आला नाही," म्हणाले.

तातोबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

विश्राम हसला. "बाबा, तुम्हीसुद्धा चेष्टा करायला लागलात."



बाबांनी हात पुढं केला. हात हवेतच फिरला. तातोबानं तो धरला.

"आलोय, बाबा."

"वहाणा कुठं रे?"

"घरी ठेवल्यात… लोकं हसत्यात."

विश्रामनं बाबांच्या डोळ्यांपुढं हात हलवला. "बाबा… तुम्हाला…"

"येत्या शिमग्याला दोन वर्षं होतील."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

विश्राम तातोबाकडं वळला. "तुला कसं कळलं?"

"मी पायाकडं बघणारा माणूस. बाबांच्या वहाणा टाचेला झिजायच्या, त्या अंगठ्याला झिजाय लागल्या. चाचपत चालणाऱ्याच्या तशा झिजत्यात." जरा थांबून म्हणाला, "मी समोर आलो की बाबा दचकायचे. म्हणून बिया घातल्या."

दुपारचं ताट विश्रामच वाढायचा. भात कुठं, भाजी कुठं ते बाबा बोटांनी शोधायचे. त्याची नक्कल विश्रामनं एकदा आम्हाला करून दाखवली होती…

तो उठला. तातोबाच्या घराकडं धावला आणि वहाणा उराशी धरून परत आला. खाली बसून स्वतःच्या हातांनी त्यानं त्या तातोबाच्या पायांत घातल्या.

"तातोबा, तुम्ही…"

तातोबानंच त्याला दंडाला धरून उठवलं.

विश्राम ओट्याच्या कडेला कपाळ टेकून बसला. आवाज फुटू नये म्हणून तोंडात पंचा कोंबला होता. आम्ही बाया सुपातल्या तांदळाकडं बघत राहिलो. कुणाचं बोट हलेना.

बाबांनी कान दिला. मग चाचपत चाचपत हात विश्रामच्या पाठीवर ठेवला. पाठ गदगदत होती.

"विश्राम," बाबा म्हणाले, "हसतोयस का रे?"