डोहाकाठचे पिल्लू

मुलांनो, जंगलातून वाहणाऱ्या एका नदीच्या डोहाकाठी, खडकाच्या कपारीत एक पाणमांजर आपल्या पिल्लाला घेऊन राहत होती. एके सकाळी "इथून हलू नकोस हं," असे बजावून ती मासे धरायला डोहात उतरली. तिथे मगर दबा धरून बसली होती. पाणी जोरात घुसळले, गढूळ झाले आणि पुन्हा शांत झाले. पाणमांजर काही वर आली नाही. कपारीतल्या पिल्लाला यातले काहीच दिसले नाही.

संध्याकाळी भुकेने कळवळून पिल्लू रडू लागले. डोहाकाठच्या बगळ्याला सारे ठाऊक होते, पण सांगायचा धीर होईना. तो म्हणाला, "रडू नकोस. आई लांब गेली आहे, उद्या मोठा मासा घेऊन येईल." दुसऱ्या दिवशी खंड्या पक्ष्यानेही तेच सांगितले. मग पिल्लू कपार सोडीना. पाण्यात जरा खळबळ झाली की धावत बाहेर येई आणि हिरमुसून मागे फिरे. बगळ्याने पुढ्यात टाकलेली मासळी ते तोंडाला लावीना. "माझं पोट भरलं, तर आईने आणलेला मासा कोण खाईल?" असे म्हणे. दिवसेंदिवस ते वाळत चालले. आपलेच काहीतरी चुकले म्हणून आई रुसली, असे त्याला वाटू लागले.

एक म्हातारे कासव खडकावर आले, तेव्हा पिल्लाने विचारले, "कासवआजोबा, मी शहाण्यासारखं वागलो तर आई येईल ना?"

कासव म्हणाले, "नाही रे बाळा. तुझी आई मेली. मगरीने तिला धरलं, मी पाहिलं. तुझं काही चुकलेलं नाही."

"मग उद्या?"

"उद्याही नाही."

पिल्लू ऊर फुटेल असे रडले. बगळा कासवावर चिडला. "एवढ्याशा जिवाला असं सांगतात का?" कासव पिल्लाशेजारी बसून राहिले. रडून थकलेले पिल्लू त्याच्या पाठीला टेकून झोपी गेले.

उजाडल्यावर पिल्लू हळूच म्हणाले, "आजोबा, मला भूक लागली आहे." कासवाने त्याला उथळ पाण्याकडे नेले. बराच वेळ धडपडून पिल्लाने एक लहानसा मासा धरला. खाता खाता आईच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले, पण तोंडातला घास त्याने टाकला नाही.

तात्पर्य : खोटा दिलासा दुःखी जिवाला नुसती वाट पाहायला लावतो, म्हणून खरे तेच सांगावे, आणि सांगून झाल्यावर उठून न जाता जवळ बसावे.